एकशे एकवीसचा रकाना

एकशे एकवीसच्या रकान्यात चारशे बारा लिहिलेलं होतं, आणि अक्षर माझं होतं.

सोमवार होता, सकाळचे दहा. पाठीमागे मशीन तापत होतं आणि पहिल्या फेरीची वेळ टाकायला मी रजिस्टर उघडलं होतं. त्या रकान्यात बावीस वर्षं एकच आकडा पडत आला होता. आतली वाफ एकशे एकवीस अंशांवर अर्धा तास राहिली की ऑपरेशनचे कपडे, गॉज, कात्र्या, चिमटे सगळं निर्जंतुक होतं. चारशे बारा अंश झाले असते तर मी, मशीन आणि वरचे तीन मजले, कुणीच जागेवर उरलं नसतं.

खालची ओळ पाहिली. चारशे वीस. त्याखाली चारशे सात. पान उलटलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. रोजच्या दहा फेऱ्या, चार दिवसांच्या चाळीस ओळी, सगळ्या भरलेल्या. दाबाच्या रकान्यात पंधरा, मिनिटांच्या रकान्यात तीस, शेवटी माझी सही. सगळं जिथल्या तिथं. तो एकच रकाना कुणी परक्यानं येऊन भरल्यासारखा. पण नऊचं शेपूट इतकं लांब मीच ओढते. मी लिहायला शिकले तीही ह्याच खोलीत, वयाच्या चाळिशीला टेकल्यावर. माझं अक्षर मला ओळखू येतं.

रजिस्टर आगाऊ भरायची आमच्याकडे पद्धतच होती. आकडे कधी बदलतच नाहीत, मग रोज रोज काय तेच लिहायचं? माझ्या आधीच्या बाईनं मला जाताना हेच शिकवलं. काम कमी असलं की चार दिवसांचं रजिस्टर भरून ठेवायचं, फेरी झाली की फक्त वेळ टाकायची. वरच्यांनाही ते माहीत होतं. कुणी विचारत नसे.

शनिवारी दुपारी मी ते भरलं होतं, एवढं आठवत होतं. खुर्ची आठवत होती, पेन आठवत होतं, पेनाचं टोपण दातांत धरलेलं आठवत होतं. आकडे आठवत नव्हते. शनिवारी तर शेअरबाजारही बंद असतो.

गॉजच्या गुंडाळ्यांमागे माझा फोन उभा केलेला असायचा. मी तो ओढला. पंख्यांची एक कंपनी होती, गेले दोन महिने मी तिच्याच शेअरमागे होते. भाव होता चारशे बारा.

मशीनमधून वाफ सुटायला लागली. तिचा आवाज मला बावीस वर्षं पाठ आहे. पण त्या दिवशी तो कुणीतरी दातांतून आकडे मोजत असल्यासारखा वाटला.

*

ह्या नादाला मला लिफ्टवाल्यानं लावलं, असं मी बरेच दिवस म्हणत असे. त्यानं फक्त फोनवर शेअरचं अ‍ॅप कसं घ्यायचं ते दाखवलं होतं. लिफ्टमध्ये कपडे-गॉज भरलेल्या ड्रमांची गाडी घेऊन उभी असले की तो म्हणायचा, "काय वाफमावशी, आज वर की खाली?"

"दुसऱ्या मजल्यावर ने, गप."

"मजल्याचं नाही हो विचारत. शेअरचं!"

तो स्वतः महिन्याभरात कंटाळून थांबला. मी थांबले नाही. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग रोज, मग तासाला चारदा. घेतला की विकावासा वाटायचा, विकला की घेतलेला बरा होता असं वाटायचं. छप्पर दुरुस्तीसाठी ठेवलेलं सगळं गेलं. मी नवऱ्याला सांगितलं, गवंडी पैसे घेऊन पळाला. दोनदा फोनमधून ते अ‍ॅप काढून टाकलं. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी परत घेतलं.

घरात आम्ही दोघंच. नवरा बसचा ड्रायव्हर होता. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. आता काठी घेऊन चालतो. पुढच्या महिन्यात आमच्याच हॉस्पिटलात त्याचा गुडघा बदलायचा होता. त्याला निवृत्तीचे मिळालेले पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेले, आणि त्याला बारीक अक्षर दिसत नाही म्हणून बँकेचं सगळं माझ्या फोनवर.

त्या मंगळवारी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, "अगं, रात्री माझ्या पाठीवर काय करत होतीस?"

"मी? झोपले होते मी."

"अंगठा फिरवत होतीस. खालून वर, खालून वर. मला वाटलं लाडात आलीस. म्हटलं ह्या वयात?" तो हसला. "मग एकदम जोरात टोचलास. टक् टक्. जाग आली माझी."

मी हसले नाही. माझा अंगठा कपाच्या कडेवर होता, आणि तो हलत होता. मी तो दुसऱ्या हातानं धरला.

*

मंगळवारची पहिली ओळ होती चारशे नऊ. बाजार उघडला आणि भाव आला चारशे नऊ.

मी दार लावून घेतलं. आमच्या खोलीला खिडकी नाही. भिंतीवर एक घड्याळ, कोपऱ्यात मशीन, मांडणीवर रांगेनं स्टीलचे ड्रम. फोन उजळला की त्या सगळ्या ड्रमांवर एकेक हिरवा ठिपका उमटायचा. त्या दिवशी ते ठिपके डोळ्यांसारखे दिसले. सगळे माझ्याकडे, थंड, वाट बघत असल्यासारखे. मला वाटलं, माझ्या हाताला काहीतरी कळतंय. मला नाही, हाताला. मला माहीत नसलेलं तो आधीच लिहून मोकळा झालाय.

आदल्या दिवशी आणखी एक आकडा जुळला होता, चौथ्या ओळीतला. म्हणजे तीन झाले. मी गुरुवारचं पान उघडलं. शेवटची ओळ. पाचशे तीस.

दिवसभर मी तो आकडा तोंडातल्या तोंडात घोळवत होते. ड्रम भरले, झाकणं लावली, टेप चिकटवली, आत ढकलले, बाहेर काढले. असं मी धरून चालले होते.

बुधवारी सकाळी बाजार उघडल्याबरोबर मी गुडघ्याचे पैसे लावले. सगळे. नुसता शेअर नाही घेतला. थोड्या पैशांत खूप शेअर धरून ठेवता येतात असला सौदा असतो, त्यात चढला तर पटीनं मिळतं आणि उतरला तर पटीनं जातं. मी तो घेतला.

*

साडेअकराला ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर स्वतः खाली आल्या. त्या कधी खाली येत नाहीत. कमरेवर त्यांनी एक ड्रम धरला होता, मूल धरावं तसा.

"वाफमावशी, हा तुमच्याकडनंच आला ना?"

"हो. सकाळी पाठवला."

त्यांनी ड्रम टेबलावर ठेवला आणि टेपवर बोट ठेवलं. ड्रमच्या झाकणावर आम्ही एक टेप लावतो. तिच्यावर तिरप्या फिक्या रेषा असतात. वाफ नीट लागली की त्या काळ्या होतात. ह्या टेपवरच्या रेषा फिक्याच होत्या. दुकानातून आणल्यासारख्या.

"टेप खराब असेल," मी म्हणाले.

"असेल. रजिस्टर दाखवा."

मी रजिस्टरवर हात ठेवला. सिस्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. मला अक्षर शिकवलं ते ह्याच बाईनं. जेवणाच्या सुट्टीत, ह्याच टेबलावर. तेव्हा त्या नव्या होत्या, बारीक होत्या, आणि माझ्यावर ओरडायच्या.

"मावशी, हात काढा."

मी काढला. त्यांनी पान पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे काय आहे?"

आणि मी सांगितलं. आधी दबकत, मग भराभर. भाव, पंख्यांची कंपनी, शनिवार, हात, पाचशे तीस. सांगताना मला आत कुठेतरी वाटत होतं की ह्यांनाही पटेल, ह्याही म्हणतील, अगंबाई, मग मीही लावते थोडे. एवढी मी वाहवत गेले होते.

सिस्टरांनी खुर्ची ओढली. "फोनवर मागच्या वेळेचे भाव दिसतात?"

"दिसतात. आलेख असतो. बोट ठेवलं की त्या वेळेचा भाव येतो."

"मग बसा. बोट ठेवून वाचा. पहिल्या ओळीपासून. ओळ सोडायची नाही."

हे शब्द मी अक्षरं शिकताना ऐकले होते. तेव्हा मी वाचताना येणारी अक्षरं वाचायचे आणि न येणाऱ्यांवरून उडी मारायचे, आणि मला खरंच वाटायचं की मी सगळी ओळ वाचली.

मी बोट ठेवलं. सोमवार, पहिली. चारशे बारा. जुळला. दुसरी ओळ, चारशे वीस. फोनवर चारशे तेरा.

"जवळपास आहे," मी म्हणाले.

"वीस की तेरा?"

"तेरा."

"पुढं."

चारशे सात. फोनवर चारशे चौदा. चौथी जुळली. पाचवी नाही. सहावी नाही. बाजार बंद झाल्यावरच्या ओळींना त्या दिवसाचा शेवटचा भाव धरला. सातव्या ओळीवर मी फोनकडे न पाहता खाली सरकायला लागले, आणि सिस्टरांनी माझं मनगट धरून बोट परत वर ठेवलं. बुधवारी अकरापर्यंत बावीस ओळी झाल्या होत्या. तीन जुळल्या. एकोणीस नाही. ह्या एकोणीस ओळी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्यांतली एकही पाहिली नव्हती. जो शेअर महिनाभर चारशे दहाच्या आसपास घुटमळतोय, त्याचे बावीस आकडे कुणीही मनानं लिहिले तरी दोन-तीन जुळायचेच.

हे मला कळलं. तरी डोळे गुरुवारच्या पानाकडेच जात होते. ते मी आज कबूल करते.

"मावशी," सिस्टर म्हणाल्या. आता त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "आकडे राहू द्या. हे सांगा, ह्या बावीस फेऱ्यांत वाफेचा वॉल्व किती वेळा उघडला?"

मी मशीनकडे पाहिलं. वॉल्व आठवायचा प्रयत्न केला. तो लाल चाकाचा वॉल्व, डावीकडे तीन फेरे. बावीस वर्षांत हजारो वेळा फिरवलेला. सोमवारपासून तो फिरवल्याचं एकदाही आठवेना. न फिरवल्याचंही आठवेना. तिथे नुसता पांढरा कागद होता. गार ड्रम उचलून गाडीवर ठेवला तर हाताला कळायला हवं ना? पण इतकी वर्षं भाजून भाजून माझ्या बोटांची कातडी मेलेली आहे. गार काय नि गरम काय.

"माहीत नाही," मी म्हणाले.

सिस्टर उठल्या. फोनवरून त्यांनी थिएटर थांबवलं.

*

दुपारभर ड्रम परत येत राहिले. लिफ्टवाला गाड्या ढकलत होता. आज त्यानं वर की खाली विचारलं नाही. आम्ही एकेक टेप पाहिली. काळी. काळी. काळी. फिकी. सगळ्यांत मिळून पाच फिक्या निघाल्या. चार ड्रम अजून न उघडलेले होते. पाचवा मंगळवारी दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत उघडला गेला होता, टेप न बघता.

त्यातलं गॉज एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या तळहातावर बांधलं होतं. मशीनची सुई हातात घुसून मोडली होती, ती काढून टाके घातले होते. मी तिच्या वॉर्डात गेले. मला कुणी पाठवलं नव्हतं.

बाई गप्पिष्ट होती. "या मावशी, बसा. तुम्ही पट्टी बदलायला आलात?"

"नाही. सहज."

"सहज कोण येतं हो हॉस्पिटलात!" ती हसली. गाल लाल होते. "उजवाच हात गेला बघा. चौदा ब्लाऊज पडलेत घरी. गिऱ्हाइकं शिव्या घालत असतील. लवकर बरं करा म्हणावं डॉक्टरांना."

पलंगाच्या पायथ्याशी तापाचा कागद अडकवलेला होता. मी तो पाहिला. सकाळचा ठिपका खाली, बाराचा जरा वर, दोनचा त्याहून वर. नर्सनं निळ्या पेनानं ठिपके जोडून रेघ काढली होती. रेघ वर चढत होती.

आणि मला आनंद झाला.

हे लिहायला मला फार वर्षं लागली. चढती रेघ पाहिली आणि छातीत ते ओळखीचं ऊबदार काहीतरी पसरलं, जे दोन वर्षं पसरत आलं होतं, आणि माझा अंगठा कागदावर टेकून खालून वर सरकला. घे, अजून चढेल, घे. क्षणभरच. मग मला त्या रेघेच्या टोकाला असलेली बाई दिसली, तिचे लाल गाल, तिचा बांधलेला हात.

"सारख्या काय बघताय हो त्या कागदात?" ती म्हणाली. "काही वाईट आहे का?"

"थोडा ताप आहे," मी म्हणाले. "डॉक्टरांना आत्ता बोलावते."

बोलावलं. मग जिन्यात बसून मी फोन काढला आणि तो सौदा मोडला. भाव त्या वेळी किती होता ते मी पाहिलं नाही. किती उरले तेवढं पाहिलं. निम्म्याहून थोडे कमी.

*

नवरा दारातच खुर्ची टाकून बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. छपराचं, गवंड्याचं, गुडघ्याचं, त्या बाईचं.

"गवंडी पळालाच नाही?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मी दोन वर्षं त्या माणसाला शिव्या घालतोय." त्यानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "समोर आला की तोंड फिरवतो मी."

मी चपला काढल्या. मग तो म्हणाला, "ऑपरेशनचं?"

"आता जमायचं नाही अहो. पुढच्या वर्षी बघू."

"दे तो फोन इकडे." मी दिला. त्याला ते बंद कसं करायचं कळेना. चष्मा लावून, काढून, परत लावून त्यानं बटणं दाबली आणि शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाला, "उद्या लिफ्टवाल्याकडून सगळं काढून घेऊ. मी येतो बरोबर."

"गुडघा दुखेल तुमचा."

"दुखू दे."

तो आला. दर महिन्याला येत राहिला, बँकेत माझ्याबरोबर, काठी टेकत. खातं त्याच्या नावावर गेलं. मला साधा, बटणांचा फोन मिळाला. पहिले काही महिने बाजार उघडायच्या वेळेला अंगाला घाम सुटायचा आणि मी अंगणात जाऊन झाडत बसायचे, झाडलेलंच परत झाडायचे. एकदा शेजारीण म्हणाली, अहो, माती तरी ठेवा. पाचशे तीस कधी झाला का, हे मी कुणालाही विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्या बाईचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. जखम चिघळली होती, पण हात वाचला. डॉक्टर म्हणाले, कशामुळे झालं ते सांगता येत नाही, सुईमुळेही होऊ शकतं. मी मानेनं हो म्हटलं. ते मला सोडवत होते, ते मला समजत होतं.

*

वरच्या साहेबांनी मला बोलावलं तेव्हा सिस्टर बाजूला उभ्या होत्या. साहेब म्हणाले, मशीन जुनं आहे, वॉल्व अडकतो असं लिहून द्या, विषय संपेल. नवं मशीन मागायलाही बरं पडेल.

"मी लिहून देऊ का?" सिस्टरांनी हळूच विचारलं. "तुम्ही फक्त सही करा."

"नको," मी म्हणाले. "कागद द्या."

तोपर्यंत मी आयुष्यात आकडे, तारखा आणि सही एवढंच लिहीत आले होते. सलग पान कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी दीड तास लागला. साहेब दोनदा बाहेर जाऊन आले. वॉल्व चांगला आहे, असं मी पहिल्या ओळीत लिहिलं. मग बाकीचं. रजिस्टर आगाऊ भरायची पद्धत बंद करावी हेही लिहिलं. कुणाला एक अक्षर विचारलं नाही. काही ठिकाणी चुकलं असेल.

मला मशीनवरून काढून धुलाईच्या खोलीत टाकलं. चादरी वाळल्या की घड्या घालायच्या. तिथे मोजायचं काही नसतं, ढीग पडतो आणि ढीग उचलला जातो. पगार कमी झाला. निवृत्त होईपर्यंत मी तिथेच राहिले.

पहिल्याच आठवड्यात चादरी घेऊन जाताना बोळात समोरून ड्रमांची गाडी आली. माझ्या जागी आलेली बाई ती ढकलत होती. तिशीतली, नवी, फार जपून ढकलणारी. टेपवरच्या रेषा काळ्याभोर होत्या. ते मी लांबूनच पाहिलं. बोळ अरुंद होता. मी भिंतीला पाठ लावली.

"हात लावू नका हं मावशी," ती म्हणाली, "निर्जंतुक आहे."

"नाही लावत, बाई," मी म्हणाले. चादरींची थप्पी छातीशी घट्ट धरली, आणि गाडी पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहिले.